राजमाचीहून परतल्यावर

रविवार, १८ जानेवारी २०२६. मुलुंड.

गुडघ्यांना तेल लावून, पाय उशीवर ठेवून ही नोंद लिहीत आहे. कोंदिवड्याहून राजमाचीच्या पायथ्याच्या उधेवाडीपर्यंत चढायला आज मला चार तास लागले. पन्नाशीत हीच वाट मी अडीच तासांत संपवत असे. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे येणारी वाट लांब असली तरी बरीचशी सपाट आहे आणि घरच्यांनी तीच सुचवली होती. परंतु मला चढ हवा होता, म्हणून ठाण्याहून पहाटेची कर्जत लोकल धरली.

कोंढाणे लेण्यांपर्यंत काही जाणवले नाही. त्यापुढच्या जंगलातल्या उभ्या चढणीवर मात्र धाप लागली, मांड्या भरून आल्या, आणि मनगटावरच्या घड्याळात पाहिले तर नाडीचे ठोके होते अवघे ९८. पूर्वी याच ठिकाणी ते दीडशेच्या आसपास जात. छातीत अनियमित ठोके पडू लागल्यामुळे गेल्या ऑगस्टपासून मी मेटोप्रोलॉलची गोळी घेते. बीटा ब्लॉकर जातीचे हे औषध हृदयावर होणारा अ‍ॅड्रेनॅलिनचा परिणाम रोखते. त्यामुळे चढावर स्नायूंना रक्त अधिक लागत असले, तरी हृदय आपला वेग हवा तेवढा वाढवत नाही. २२० मधून वय वजा करून नाडीची कमाल मर्यादा ठरवण्याचे जे सोपे गणित आम्ही इतकी वर्षे वापरत आलो, ते माझ्यापुरते बाद झाले आहे. डॉक्टरांनी सांगितले तसे आता श्वासावरच लक्ष ठेवायचे. मी चालताना तेविसाचा पाढा मोठ्याने म्हणते. ओळ न तुटता पुरी झाली तर चाल ठीक आहे. मध्येच दम घ्यावा लागला तर थांबायचे, पाणी प्यायचे आणि मगच पुढचे पाऊल टाकायचे. आज अशी मी अकरा वेळा थांबले. गटातल्या मंडळींनी प्रत्येक वेळी माझी वाट पाहिली, याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे.

उतरताना घसाऱ्यावर दोन्ही हातांत काठ्या घेतल्या. उतारावर शरीराचा सगळा भार रोखून धरताना मांडीचे स्नायू ताणले जातात, आणि वयाबरोबर हेच स्नायू झिजत जातात. म्हणून रोज सकाळी मी इमारतीचे सहा मजले जिन्याने चढते आणि, विशेष म्हणजे, जिन्यानेच उतरते. माझ्या वयाच्या बऱ्याच मैत्रिणी चढतात जिन्याने आणि खाली येतात लिफ्टने. त्यांना हे पुन्हा पुन्हा सांगावेसे वाटते.

पण आज मनात सर्वांत जास्त घोळत होती ती वरळीची नेमबाजीची रेंज. महाविद्यालयात असताना एन.सी.सी.त पॉइंट टू टू रायफल हाताळली होती; निवृत्तीनंतर एअर पिस्तूल हाती घेतले आणि त्यात जीव रमला. दहा मीटरवरच्या त्या लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ फक्त ११.५ मिलिमीटरचे असते. एका हाताने, कशाचाही आधार न घेता, पिस्तूल धरून ७५ मिनिटांत ६० छर्रे मारायचे. हात कितीही स्थिर ठेवला तरी छातीचा प्रत्येक ठोका खांद्यातून मनगटापर्यंत येतो आणि पिस्तुलाच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरण्याची खूण, त्या ठोक्यासरशी हलते. त्या दोन हेलकाव्यांमधल्या शांततेत चाप ओढला जावा, यासाठी मी सात वर्षे घालवली.

डोंगरावर मला थकवणारी हीच गोळी रेंजवर माझा हात स्थिर करते, आणि म्हणूनच नेमबाजीत ती निषिद्ध आहे, स्पर्धेच्या दिवशीही आणि एरवीही. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू यांची दोन पदके याच जातीच्या औषधामुळे काढून घेण्यात आली होती. हे ठाऊक असल्यामुळे मी डॉक्टरांना स्पष्ट विचारले. माझ्या ठोक्यांसाठी हेच औषध योग्य आहे आणि ते एकाएकी बंद करणे धोक्याचे ठरू शकते, असे त्यांनी सांगितले. त्या संध्याकाळी स्पर्धेतल्या ज्येष्ठांच्या गटातून मी माझे नाव मागे घेतले. फार रडले, हेही येथे लिहून ठेवते.

ऑक्टोबरात सराव करताना माझे ६०० पैकी ५५७ गुण झाले. त्याआधीची माझी सर्वोत्तम कामगिरी होती ५४८. घरी येऊन वही उघडली आणि बराच वेळ तो आकडा लिहिताच आला नाही. तो हात माझा होता की औषधाचा, हे मला ठरवता येत नव्हते. शेवटी वहीत मधोमध एक पान कोरे सोडले आणि त्यापुढे नव्याने नोंदी सुरू केल्या. आधीच्या आकड्यांशी या आकड्यांची तुलना मी करत नाही आणि कोणी केलेली मला आवडत नाही.

डोळ्यांना मात्र ही गोळी काहीच देत नाही, म्हणून आता माझी सगळी मेहनत तिकडे वळली आहे. या वयात नजर जवळून दूर आणि दुरून जवळ पटकन सरकत नाही. लक्ष्य धूसर दिसले तरी चालते, माशीची कड मात्र रेखीव दिसली पाहिजे, म्हणून हात लांब केल्यावर माशी जेथे येते तेवढ्या अंतराचे भिंग मी करून घेतले आहे. स्वीडनच्या ऑस्कर स्वान यांनी १९२० साली वयाच्या ७२ व्या वर्षी ऑलिंपिकचे रौप्यपदक मिळवले. त्यांच्या डोळ्यांपुढची माशी कशी दिसत असेल, याचा विचार मी अनेकदा करते. बागपतच्या जोहडी गावच्या चंद्रो तोमर यांनी तर साठी उलटल्यावर पहिल्यांदा पिस्तूल धरले होते.

मंगळवारी वरळीला जायचे आहे. पहिला अर्धा तास छर्रा न घालता, कोऱ्या पांढऱ्या कागदासमोर, नुसती माशी पाहत उभी राहणार आहे. भिंगाची काच आजच पुसून डबीत ठेवली. गुडघा उद्यापर्यंत उतरला नाही, तर जिना एक दिवस राहील.