जळक्या शहराचा करडा

२६ जानेवारी १८८१ रोजी टोकियोतल्या कान्दा भागात लागलेली आग र्‍योगोकुपर्यंत पसरली. लाकडी फळ्यांवरून छापायची चित्रं काढणारा कोबायाशी कियोचिका आगीची रेखाटनं करत हिंडला. त्याच आगीत त्याचं घरही गेलं. त्याने पेटलेल्या शहराचे छाप केले, तसाच आग विझल्यावरच्या र्‍योगोकुचाही केला. ज्वाळा असल्या की लाल-केशरी रंग चित्र सावरून धरतो. राखेच्या चित्राला तो आधार नाही. तिथे आभाळाचा करडा फिका होत जाताना जरा बिघडला, की जळकं शहर नुसतं मळकट दिसतं.

बेळगाव-खानापूरकडे असं आभाळ छापायचं तर आधी लाकूड बघा. जपानी कारागीर डोंगरी चेरीची उभ्या रेषेत कापलेली फळी घेतात. आपल्या वखारीत सागवान समोर येईल, पण ते घेऊ नका. ते तेलकट असल्याने पाण्याचा रंग सारखा बसत नाही आणि त्याची छिद्रं सपाट आभाळात उमटतात. फणसाचा पिवळेपणा ओल्या कागदात उतरायची भीती असते. चांगली वाळलेली, रंधा मारलेली शिवणीच्या लाकडाची फळी बरी. तिच्यात बारीक रेषा तुटते खरी, पण कियोचिकाने काळी बाह्यरेषाच कमी केली होती, त्यामुळे या कामाला ती चालून जाते.

आता खरी कसोटी. फळीवरचा आभाळाचा भाग ओल्या फडक्याने पुसा. लाकूड ओलसर दिसावं, पाणी साचू नये. ब्रशच्या एकाच कोपऱ्याला काजळीची शाई लावा, फळीवर तांदळाच्या खळीचा ठिपका ठेवा आणि शाईचा कोपरा कायम वरच्या कडेला ठेवून ब्रश आडवा फिरवा. लगेच कागद ठेवून बारेनने, म्हणजे कागदाची पाठ घासायच्या चपट्या गोल गादीने, घासा. खळ कमी पडली तर रवाळ ठिपके येतात, जास्त झाली तर ब्रशचे ओरखडे राहतात. पाणी जास्त झालं तर शाई कडेबाहेर पळते. एकाच हातात गडद करायला गेलात तर मध्ये कडक रेघ पडते; तीन हलके हात द्या.

कागदाला सरस-तुरटीचा हात हवाच, नाहीतर रंग फुटतो. कागद बसवायला फळीच्या कोपऱ्यात काटकोनी आणि लांब कडेला सरळ खाच असते, पण कागद आकसला तर त्या खाचांचा काही उपयोग नाही. मार्च-एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात दोन रंगांच्या मध्येच कडा सुकतात आणि दुसरा रंग सरकून बसतो. म्हणून सगळी चळत ओलसर पुठ्ठ्यांत घालून प्लास्टिकमध्ये गुंडाळा, एकेक कागदच बाहेर काढा. पावसाळ्यात उलट त्रास: ओल्या चळतीला बुरशी धरते. तेव्हा एका दमात छापून होतील एवढेच कागद भिजवा आणि खळ रोज ताजी शिजवा.