गार करायचं, पण घाईनं नाही

मार्चमध्ये नानांचा फोन आला की मागे प्री-कूलिंगच्या, म्हणजे तोडलेली द्राक्षं गार करायच्या पंख्यांची घरघर ऐकू येते. पिंपळगाव बसवंतला आमची द्राक्षं तेव्हा पेट्यांत बसत असतात, आणि मी इकडे जर्मनीत, लोअर सॅक्सनीत, घोड्यांच्या एका ब्रीडिंग स्टेशनच्या लॅबमध्ये असते. दोघांचा सीझन एकाच वेळी. आई नाशिकरोडच्या मैत्रिणींना सांगते, "पोरगी घोड्यांच्या दवाखान्यात आहे." खरं काम सांगायला तिला लाज वाटते. मीच सांगते: घोड्याचं वीर्य घ्यायचं, तपासायचं आणि घोडीकडे रवाना करायचं.

सकाळी पहिला घोडा येतो. समोर घोडी नसते, गादी बांधलेला ओंडका असतो. वीर्य धरायच्या नळकांड्यात गरम पाणी भरलेलं असतं. चिकट जेल गाळून काढलं की साधारण 50-60 मिलिलिटर हाती येतं. तिथून पुढे सगळा खेळ तापमानाचा.

पहिल्याच महिन्यात मी एका उमद्या घोड्याला नापास केलं होतं. मायक्रोस्कोपखाली शुक्राणू जागच्या जागी गोल फिरत होते, काही चक्क मागे पोहत होते. आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या, माझी स्लाइड उचलून गालाला लावली आणि काही न बोलता ठेवून दिली. काच गार होती. 37 अंशांवर तापवलेल्या काचेवर त्याच घोड्याचा दुसरा थेंब घेतला, तर सगळे सरळ रेषेत सुसाट! तेव्हापासून मीही स्लाइड गालाला लावते.

वीर्यात मग वीर्याइतकंच कोमट असलेलं एक्स्टेंडर मिसळायचं. म्हणजे मुख्यतः साय काढलेलं दूध, ग्लुकोज आणि अँटिबायोटिक. (दुधाचं ऐकून आत्याने कानाला हात लावले.) मिलिलिटरमागे अडीच ते पाच कोटी शुक्राणू राहतील इतकं पातळ करायचं. गंमत म्हणजे ज्या द्रवातून शुक्राणू येतात, तोच साठवणीत त्यांच्या मुळावर उठतो. म्हणून काही घोड्यांचं वीर्य सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तो बराचसा काढून टाकावा लागतो.

आणि मग गार करणं. नानांचा जीव इथेच अडकतो. द्राक्ष तोडल्यापासून जितक्या लवकर गार होईल तितकं टिकतं, हे त्यांनी आयुष्यभर केलेलं. इथे उलटं. साधारण 20 ते 8 अंशांच्या टप्प्यात शुक्राणूच्या आवरणातली चरबी थिजू लागते. घाई केली की आवरण फाटतं. म्हणून बर्फाचा पॅक ट्यूबला थेट चिकटू द्यायचा नाही, काही तास घेत हळूहळू 5 अंशांवर आणायचं. जमलं तर माल 24 तास, कधी 48 तास चालतो. "म्हणजे तुझ्या मालाला थंडीसुद्धा सांगून द्यावी लागते," नाना म्हणाले.

फ्रोझन म्हणजे आपल्याकडे गायीला भरवतात तसल्या कांड्या, द्रव नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशांवर. फरक इतकाच की गायीला एक कांडी पुरते, घोडीला बऱ्याचदा आठ लागतात. चुलतभावाला फक्त रेसच्या घोड्यांत रस. त्याची निराशा केली: थरोब्रेड या रेसच्या घोड्यांच्या जातीच्या नोंदणीत कृत्रिम रेतन चालतच नाही, तिथे घोडीलाच घोड्याकडे न्यावं लागतं.

काही घोडे मात्र फसवे. ताजं वीर्य झकास, दुसऱ्या दिवशी ट्यूबमध्ये स्मशानशांतता. म्हणून पाठवलेल्या प्रत्येक मालाची एक ट्यूब आम्ही फ्रिजमध्ये मागे ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी बघतो. नानाही प्रत्येक कंटेनरची एक पेटी मागे ठेवतात.

परवा त्यांनी विचारलं, "तुझी कशी आहे?"

"साठ टक्के पोहतायत. तुमची?"

"देठ हिरवे आहेत अजून."