पीएचडी चालू आणि कायदाच बदलतोय – माझा अनुभव

लॉ कॉलेजात शिकवता शिकवता पीएचडी केली, विषय मुलांची डिजिटल प्रायव्हसी आणि पालकांची संमती. रजिस्ट्रेशन केलं तेव्हा सुप्रीम कोर्टाचा पुट्टस्वामी निकाल (24 ऑगस्ट 2017, नऊ न्यायाधीश, प्रायव्हसी मूलभूत हक्क) ताजाच होता, त्यामुळे जो तो म्हणायचा काय हॉट विषय घेतलायस! पण 2018 ला डेटा संरक्षण कायद्यासाठी श्रीकृष्ण समितीचा मसुदा आला, त्यावर चॅप्टर लिहिलं, डिसेंबर 2019 मध्ये संसदेत बिल आलं म्हणून ते परत लिहिलं, आणि ऑगस्ट 2022 मध्ये सरकारने बिलच मागे घेतलं. गाईड मॅडम शांतपणे म्हणाल्या, "अगं फेकू नकोस, हिस्टॉरिकल बॅकग्राउंडमध्ये टाक."

एथिक्स कमिटीने वेगळा घाम काढला. शाळकरी मुलांशी बोलायचं तर आईबाबांची लेखी संमती हवी आणि मुलाचा स्वतःचा होकार वेगळा, आता हे योग्यच आहे म्हणा, पण फॉर्म किती वेळा परत आला विचारू नका. एका घरी आईने फॉर्म हातात घेतला आणि सरळ मुलीकडे दिला, "वाच गं, कुठे सही करायची?" फोनवर ॲपला परमिशन कोण देतं विचारलं तर हसल्या, "हीच देते, ओटीपी पण हीच टाकते, मला कुठलं कळतंय!" माझा अख्खा थिसिस तिथे त्या सोफ्यावर बसला होता.

कारण 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात कलम 9 आलं, 18 च्या खालच्या प्रत्येकाला पालकांची पडताळता येणारी संमती. अमेरिकेत ही रेषा 13 ला, युरोपात 16 ला, तीही देशांना 13 पर्यंत खाली आणता येते, आणि आपल्याकडे सातवर्षाचं पोर आणि कॉलेजला जाणारी सतरावर्षाची मुलगी एकाच रांगेत.

व्हायवाच्या (पीएचडीच्या तोंडी परीक्षेच्या) आधी, नोव्हेंबर 2025 ला या कायद्याचे नियमही आले, त्यामुळे बाहेरून आलेल्या परीक्षक सरांनी विचारलंच, मग वय किती ठेवायचं? मी म्हटलं सर, वयापेक्षा त्याच कलमातली ट्रॅकिंग आणि टार्गेटेड जाहिरातींची बंदी जास्त कामाची, कारण तिथे ओझं कंपनीवर पडतं, त्या आईवर नाही. त्यांनी लगेच शाळा-दवाखान्यांना नियमांत दिलेल्या सवलतींवर पकडलं, पंधरावीस मिनिटं जुंपली, मजा आली खरं तर.

नवीन लोकांनो, चालू कायद्यावर काम करत असाल तर सिनॉप्सिसमध्येच (संशोधनाच्या आराखड्यातच) कट-ऑफ तारीख, म्हणजे कुठल्या तारखेपर्यंतचा कायदा बघणार ते, लिहून आरएसीकडून (रिसर्च ॲडव्हायझरी कमिटीकडून) मंजूर करून घ्या. मी 31 डिसेंबर 2023 घातली होती म्हणून नियमांवर नवीन चॅप्टर मागितलं नाही, एका परिशिष्टावर भागलं.