कमाटीबागेतली दुसरी फेरी

निवृत्तीनंतर नाशिक सोडून बडोद्याला, दांडिया बाजारातल्या आजोळच्या घरी आलो, त्याला वर्ष होईल. चालायची सवय मात्र सोडायची नाही हे ठरलेलं. सयाजीरावांनी १८७९ साली उभी केलेली कमाटीबाग जवळ असताना घरात बसायचं कशाला?

आज उठायला उशीर झाला. बागेत पोचलो तर साडेसात वाजलेले. रात्रभर पाऊस, आता लख्ख ऊन आणि पानही हलत नव्हतं. दुसऱ्या फेरीला सदरा पाठीला चिकटला. घाम नुसता ओघळत होता, वाळायचं नाव नाही. घाम वाळला तरच अंग गार होतं. दमट हवेत तो वाळत नाही आणि उष्णता आतच कोंडते. नाशिकच्या कोरड्या उन्हात हे कधी जाणवलंच नव्हतं. पोटरीत गोळा आला, डोकं हलकं झालं, तसा सावलीतल्या बाकावर टेकलो.

रोज समोरून येणाऱ्या एक मावशी थांबल्या. "भाऊ, नुसतं पाणी नको, हे घ्या," म्हणत पिशवीतून ताकाची बाटली काढली. मीठ, जिरेपूड, थोडं आलं. बाटलीवर गार थेंब जमले होते. अर्धी बाटली संपेपर्यंत त्या शेजारी बसून राहिल्या, स्वतःचं चालणं सोडून. फार बरं वाटलं.

उद्या साडेपाचलाच निघणार. हिने आमसुलं भिजत घातली आहेत. मावशींसाठीही एक बाटली सरबत नेणार आहे.