वाचनालयाची आगोट

कागदोपत्री वाचनालयाचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. जमाखर्च, अनुदान, वार्षिक अहवाल सगळं त्या हिशेबाने चालतं. पण कोकण किनाऱ्यावरच्या वाचनालयाचं वर्ष खऱ्या अर्थाने मृगावर उलटतं. घराघरांत पावसाळ्याआधी लाकूडफाटा, सुकी मासळी, मीठमसाला भरून ठेवतात, तशी पुस्तकांचीही आगोट करावी लागते. ती मेअखेरीस काढायची नाही. तेव्हा गावात चाकरमानी असतात, देवघेवीच्या टेबलाशी गर्दी असते आणि शाकारणीला, म्हणजे कौलं नीट करायला, माणूस मिळत नाही. एप्रिल हाच तिचा महिना.

सुरुवात मोजणीने. एकाने पुस्तकावरचा दाखल क्रमांक (वाचनालयात आल्यावर नोंदवहीत मिळालेला अनुक्रमांक) मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने यादीवर खूण करायची. दोघांनी मन लावून बसलं तर दिवसाला सात-आठशे पुस्तकं होतात. फळीवरची, सभासदांकडची, बांधणीला गेलेली आणि आजवर बाद केलेली अशी चारही मिळून दाखल नोंदवहीतल्या शेवटच्या क्रमांकाशी जुळली पाहिजेत. जुळत नाहीतच. पण पहिल्या मोजणीत न सापडलेल्या पुस्तकापुढे लगेच ‘गहाळ’ लिहू नये. त्यातली बरीचशी चुकीच्या फळीवर किंवा दोन जाड पुस्तकांच्या मागे सरकलेली असतात. पुढच्या मोजणीतही नाही मिळालं, तर कार्यकारी मंडळाचा ठराव करून मग बाद करावं. नोंदवहीत खाडाखोड नको. शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने ठराव क्रमांक आणि तारीख लिहायची. तो दाखल क्रमांक पुन्हा दुसऱ्या पुस्तकाला देऊ नये, नाहीतर पुढच्या तपासणीत एका क्रमांकाची दोन पुस्तकं निघतात आणि उत्तर कुणाकडेच नसतं.

मोजताना पुस्तक हातात येतंच, तर तेवढ्यात तीन जागा बघाव्यात: पाठीचा वरचा काठ, पुठ्ठा आणि पहिलं पान यांच्यामधला सांधा, आणि खालची कड. कागदाचा वरचा थर खरवडल्यासारखा, वेडावाकडा गेला असेल तर ती कसर, म्हणजे कागद खाणारा चंदेरी किडा. तिला खळ आणि गुळगुळीत कागद आवडतो. गोल भोक आरपार गेलं असेल तर ती कीड. आणि खालच्या कडेला माती चिकटलेली दिसली तर पुस्तक बाजूला ठेवून आधी भिंत बघायची. जांभ्याच्या सांध्यातून वाळवीच्या मातीच्या नळ्या वर चढतात. नळी खरवडून टाकली की काम झालं असं वाटतं, पण वाळवी भिंतीत किंवा जमिनीत असते. तिथे औषध गेलं नाही तर आठवड्यात नवी नळी दिसते.

पुस्तकांवर काय शिंपडायचं हे सगळे विचारतात, कपाट कुठे ठेवायचं हे कुणी विचारत नाही. माझ्या मते निम्म्याहून जास्त नासाडी जागेमुळे होते. पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, त्यामुळे दक्षिण आणि पश्चिमेच्या भिंती आधी भिजतात, आणि जांभा पाणी धरून ठेवतो. या दोन भिंतींना कपाट लावूच नये. दुसरी जागाच नसेल तर किमान चार बोटं अंतर सोडावं, म्हणजे मागून वारा खेळतो. खालची फळी जमिनीपासून अर्धा फूट वर हवी. फळीवर वर्तमानपत्र अंथरायची सवय सोडावी. ते दमट होतं, वाळत नाही आणि कसरीला आयतं घर मिळतं. पुस्तकं गच्च कोंबू नयेत. एक बोट सहज आत जाईल इतकी सैल हवीत.

डांबरगोळ्या झुरळांना आणि कसरीला थोड्याफार लांब ठेवतात, बुरशीला काहीही करत नाहीत. त्यांच्या वासात दिवसभर बसणाऱ्यांना मात्र त्रास होतो. वेखंडाची पुरचुंडी तेवढंच काम करते आणि वास सुसह्य असतो.

बुरशीचं मूळ दमटपणात आहे. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की ती धरते, आणि जुलैत इथली हवा त्याच्या कितीतरी वर असते. भिंतीवर आर्द्रता मोजणारा एक साधा हायग्रोमीटर लावला तर अंदाजाने बोलणं थांबतं. ‘जरा खिडक्या उघडा, हवा खेळू द्या’ हा सल्ला ऑक्टोबरात बरोबर, जुलैत चूक. बाहेरची हवा आतल्यापेक्षा ओली असते आणि रात्री थंड भिंतींवर, लोखंडी कपाटांवर तिचं पाणी होतं. पावसाळ्यात वाऱ्याच्या बाजूच्या खिडक्या बंद, पंखे चालू आणि कपाटांची दारं रोज तास-दोन तास उघडी, एवढं पाळावं.

बंद कपाटात तळाच्या रिकाम्या फळीवर १५ वॉटचा जुना पिवळा बल्ब लावायची इथली पद्धत अजून कामाची आहे. आतली हवा किंचित तापते, त्यामुळे तेवढंच पाणी असूनही कागदाला ती कोरडी लागते. एलईडी लावून हा गुण येत नाही, कारण तो तापतच नाही. बल्बपासून पुस्तकं वीतभर लांब हवीत. रात्रभर ठेवला तर फायदा जास्त, पण जुन्या वायरिंगच्या इमारतीत तो बंद करूनच कुलूप लावावं. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या चिमुकल्या पुड्या अख्ख्या कपाटाला पुरत नाहीत. मोडी कागद किंवा जुने फोटो असलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात त्या ठेवाव्यात आणि निळे मणी गुलाबी झाले की तापवून पुन्हा वापराव्यात.

एवढं करूनही बुरशी येते. तेव्हा ओल्या फडक्याने पुसणं ही सगळ्यात मोठी चूक. बुरशी कापडाच्या विणीत शिरते आणि त्याच फडक्याने पुढच्या दहा पुस्तकांना लागते. तोंडाला मास्क बांधून पडवीत बसावं, पुस्तक घट्ट मिटून धरावं आणि मऊ ब्रशने पाठीकडून कडेकडे, स्वतःपासून लांब झाडावं. ते पुस्तक पंधरा दिवस वेगळं ठेवावं. कडक उन्हात टाकू नये, पुठ्ठे पत्रावळीसारखे वळतात.

कौल सरकून पुस्तकं भिजलीच, तर हातात दोन दिवस असतात. त्यानंतर बुरशी धरते. पुस्तक उभं करून पानं पंख्यासारखी उघडावीत, वीस-पंचवीस पानांमागे टीपकागद घालावा आणि तो दर दोन तासांनी बदलावा. गुळगुळीत कागदाची चित्रांची पुस्तकं आधी हातात घ्यावीत. त्यांची पानं ओली असतानाच सुटी केली नाहीत तर वाळल्यावर अख्खं पुस्तक वीट होतं. संख्या शंभरावर गेली तर पिशव्यांत बांधून बंदरावरच्या शीतगृहात जागा मागावी. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही, मग दहा-दहा काढून सवडीने वाळवता येतात. पिशवी दुहेरी हवी, नाहीतर कवितासंग्रहाला बांगड्याचा वास यायचा.

हे सगळं चालू असताना वाचकही वाढलेले असतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, शेतात लावणीनंतर थोडी उसंत, बाहेर झड. देवघेव या दिवसांत थांबवून चालत नाही. पुस्तक नेताना प्लॅस्टिकची पिशवी इथूनच द्यावी आणि आलेलं पुस्तक थेट फळीवर न लावता एक रात्र पंख्याखाली ठेवावं. मे महिन्यातल्या पाहुण्यांना महिन्याचं तात्पुरतं सभासदत्व देताना अनामत पुस्तकाच्या किमतीएवढी घ्यावी. मेमध्ये मुंबईला गेलेलं पुस्तक बहुधा गणपतीत परत येतं, म्हणून चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात थकबाकीची यादी काढून फोन करावेत.

१२ ऑगस्टला ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या जन्मदिनी ग्रंथपाल दिन असतो, पण तेव्हा जुन्या ग्रंथांचं प्रदर्शन पडवीत मांडू नये. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन किंवा २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन त्याला बरा.

दिवाळी अंकांची एक गोष्ट मात्र इथे वेगळी. खाऱ्या हवेत त्यांच्या पिना एका पावसाळ्यात गंजतात आणि मधल्या पानांवर तपकिरी डाग पडतात. पाठीत पिना मारलेला अंक वाचायला सोडण्याआधीच पिना काढाव्यात: मधलं पान उघडून बोथट सुरीने पिनेचे पाय उचलायचे आणि पाठीकडून ती ओढून घ्यायची. पिनेची दोन भोकं तयारच असतात, मध्ये दाभणाने तिसरं पाडायचं. सुती दोरा मधल्या भोकातून बाहेर, वरच्यातून आत, आतून सरळ खाली जाऊन खालच्यातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत. दोन्ही टोकं लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन गाठ मारायची. पाच मिनिटांचं काम. गोंदाने चिकटवलेल्या अंकांना ही मात्रा लागू नाही. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावणाऱ्याला मात्र दंड करावा, ती पिवळी पडून पान घेऊन जाते.

इथली हवा पुस्तकांची वैरी आहे खरी. पण रत्नागिरीत नगर वाचनालय १८२८ पासून आहे, म्हणजे या वैऱ्याच्या शेजारीही नांदता येतं.

मार्चचं कागदी काम थोडक्यात: महाराष्ट्राच्या १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता असलेल्या अ, ब, क, ड अशा कुठल्याही वर्गाच्या वाचनालयाला अहवाल आणि लेखापरीक्षण चुकत नाही, म्हणून दर महिन्याची बिलं त्याच महिन्यात चिकटवून ठेवावीत. पुस्तक खरेदी शेवटच्या आठवड्यात उरकू नये. एकदम आलेले गठ्ठे दाखल न होताच जमिनीवर पडून राहतात आणि जूनमध्ये तेच पहिले भिजतात. ब्रश, मास्क, दाभण, दोरा आणि टीपकागद किरकोळ खर्चातून तेव्हाच घ्यावेत, कारण अनुदान हप्त्यांनी येतं आणि पावसाआधी येईलच याची खात्री नसते. टीपकागदाचं बिल ३१ मार्चच्या आतलं असू द्या.