चोडणच्या बांधावर: खाजन शेती पाहायला जाणाऱ्यांसाठी

खाजन म्हणजे नदीच्या खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेली सखल शेतजमीन. ही शेती पाहायला निघताना आधी भरती-ओहोटीच्या वेळा बघा. आम्ही ऑक्टोबरात, कापणीच्या तोंडावर गोव्यातल्या चोडण बेटावर गेलो ते ओहोटी कधी लागते याचा हिशेब करूनच. म्हणून मानशीचं, म्हणजे बांधातल्या झडपांच्या दाराचं, काम डोळ्यांदेखत पाहायला मिळालं.

पणजी-रायबंदर रस्ता १६३३-३४ मध्ये बांधलेल्या जुन्या दगडी पुलावरून जातो. आजूबाजूला मिठागरं आणि खारफुटी. राजधानीला इतकं खेटून हे सगळं अजून आहे, याचं मला दरवेळी नवल वाटतं. रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की चोडण. डिचोलीकडून येणाऱ्यांना मयेवरून रस्ता आहे.

धक्क्यापासून जवळच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. १९८८ साली जाहीर झालेलं, जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचं. बहुतेक पर्यटक तिथूनच परत फिरतात. माझं सांगणं, पुढे शेतात जा. बगळे आणि पाणपक्षी अभयारण्याची हद्द पाळत नाहीत, त्यांचं अर्धं पोट खाजनातच भरतं.

मानस म्हणजे बांधात बसवलेलं लाकडी झडपांचं दार. भरतीचं पाणी नदीच्या बाजूने झडपा दाबून बंद करतं. ओहोटीला आतलं पाणी त्याच झडपा बाहेर ढकलतं. आम्ही उभे होतो तेव्हा आधी फटीतून पाण्याची चिळकांडी उडाली, मग लाकूड करकरलं आणि आतलं गढूळ पाणी पालापाचोळ्यासकट नदीत धावलं. काठावरचे बगळे जणू त्याचीच वाट पाहत होते. यात कुणाला हात लावावा लागत नाही. जूनचा पाऊस जमिनीतलं मीठ धुऊन काढतो, ते पाणी याच वाटेने बाहेर जातं आणि मग खारं सोसणारं कोरगुट भात तग धरतं.

बांधावर भेटलेल्या एका काकांना विचारलं, "काका, बांध सांभाळतं कोण?" ते म्हणाले, "पूर्वी गावकारी (गावाची सामुदायिक संस्था) बघायची, आता कुळांची संघटना. मानशीवरच्या मासळीची पावणी (लिलाव) होते, त्या पैशातून बांधाला माती पडायला हवी." खरी गोम इथेच आहे. कोळंबीला भाताहून जास्त पैसे मिळतात. जादा मासळीसाठी कुणी झडपा उघड्या ठेवल्या तर खारं पाणी शेतात शिरतं. शेत दोन-चार वर्षं पड राहिलं की खारफुटी उगवते, आणि ती संरक्षित असल्याने परवानगीशिवाय तोडता येत नाही. शेत परत मिळवणं मग फार कठीण होतं. खारफुटी नदीकाठी हवीच, तीच बांधाला लाटांपासून वाचवते. पण नदीकाठची खारफुटी आणि पडीक शेतातली खारफुटी यांना एकच नियम लावला की शेतकरी मागे हटतो.

कायद्यांचा आधार आहे. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांसाठी वेगळी तरतूद आहे, आणि २०२३ च्या राज्याच्या कायद्याने भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर बंधन घातलं. जमीन शेतीची राहील, पण बांधाला माती घालायला माणसं लागतात आणि तरुण पणजीत नोकरीला जातात. म्हणून मला वाटतं, सरकारी मदत पडीक न ठेवलेल्या शेताला आणि शाबूत बांधाला थेट मिळायला हवी. बियाण्याची सोय जवळच आहे: जुने गोव्यातल्या किनारी कृषी संशोधन संस्थेने गोवा धान नावाचे खारं सोसणारे वाण काढले आहेत.

जाणाऱ्यांसाठी: हिरवं भात पाहायचं तर ऑगस्ट-सप्टेंबर, स्थलांतरित पक्ष्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ओहोटीला चिखलावरचे पक्षी दिसतात, खारफुटीत होडी शिरायला मात्र भरती लागते. बांधावर दुचाकी अजिबात नेऊ नका, चाकोरीतूनच पाणी पाझरायला लागतं. पावसाळ्यात कडेने चालू नका, माती निसटते. सावली नाही, त्यामुळे टोपी आणि पाणी हवंच. परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ उतरतानाच विचारून घ्या.

दिवाळीनंतर गेलात तर गावात कोरगुटाचे उकडे तांदूळ कुणाकडे आहेत ते विचारा. पेजेला त्यांची चव वेगळीच लागते. उतारा कमी आणि मजुरी जास्त असते, तेव्हा सांगतील तो भाव द्या.