तीस सेकंदांपलीकडचं टूमस्टोन

टूसॉनहून निघालं की बेन्सनला मोठा महामार्ग सुटतो आणि पुढचा रस्ता काटेरी मेस्कीटच्या झुडपांतून दक्षिणेकडे जातो. साधारण सव्वा तासात अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याच्या उंच वाळवंटातलं टूमस्टोन येतं. वस्ती 1,300च्या आसपास. एवढ्याशा गावात दिवसभर करायचं काय, असं माझ्या दिरांनी निघताना विचारलं होतं. संध्याकाळी गाडीत बसायला सगळ्यात जास्त वेळ त्यांनीच लावला!

1877 साली एड शिफलिन नावाचा माणूस या टेकड्यांत खनिज शोधत हिंडत होता. मुलूख अपाचे या मूळ रहिवासी लोकांचा. तिथे तुला दगड सापडलाच तर तो तुझ्या थडग्याचा असेल, असं सैनिकांनी त्याला बजावलं होतं. त्याला चांदी सापडली. पहिल्या खाणपट्ट्याला त्याने ‘टूमस्टोन’ म्हणजे थडग्याचा दगड हेच नाव दिलं आणि 1879मध्ये त्याच नावाचं गाव वसलं.

ॲलन स्ट्रीटवर लाकडी फळ्यांचे पदपथ आहेत, घोडागाड्या फिरतात, जुन्या पोशाखातली माणसं लुटुपुटूच्या गोळीबाराच्या खेळांच्या वेळा ओरडून सांगतात. बहुतेक जण येतात ते ओके कोरल या घोड्यांच्या तबेल्यापाशी झालेल्या चकमकीसाठी. 26 ऑक्टोबर 1881 रोजी दुपारी कायद्याच्या बाजूचे व्हर्जिल, वायट आणि मॉर्गन हे अर्प बंधू आणि त्यांचा मित्र डॉक हॉलिडे एका बाजूला, त्यांच्याशी वैर असलेली क्लँटन आणि मॅकलॉरी ही गुराखी मंडळी दुसऱ्या बाजूला. जेमतेम तीस सेकंदांत तिघे मेले. गोळीबार झाला तो मात्र तबेल्याच्या मागे फ्रीमाँट स्ट्रीटलगतच्या चिंचोळ्या मोकळ्या जागेत, छायाचित्रकार सी. एस. फ्लाय यांच्या घराला खेटून. या फ्लाय यांनी पुढे 1886मध्ये अपाचे नेता जेरोनिमो याची छायाचित्रं काढली. मला ती खोट्या बंदुकांच्या बारापेक्षा कितीतरी मोलाची वाटतात. मुलांना खेळ आवडला, आवडणारच. पण मेलेल्यांतला बिली क्लँटन फक्त 19 वर्षांचा होता, हे कळल्यावर मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या नाहीत.

तो आणि मॅकलॉरी बंधू गावाबाहेरच्या बूटहिल दफनभूमीत आहेत. मूळचे लाकडी फलक टिकले नाहीत, आजचे नंतर बसवलेले आहेत. त्या तिघांच्या फलकावर ‘टूमस्टोनच्या रस्त्यांवर खून’ असं लिहिलंय. इकडे न्यायाधीशांनी अर्प बंधूंना सोडून दिलं होतं. दगडगोट्यांच्या त्या उतारावर उभं राहून दोन्ही बाजू एकदम समोर येतात. चिनी वस्तीत जिचा शब्द चालायचा, ती चायना मेरीही इथेच आहे. तिच्या कबरीपाशी अवश्य थांबा. खाणींच्या गावात राबणारे, स्वयंपाक करणारे, कपडे धुणारे लोक खेळांमध्ये दिसत नाहीत.

लाल विटांची न्यायालयाची इमारत 1882ची. आता तिथे संग्रहालय आहे आणि आवारात पुन्हा उभारलेला फाशीचा खांब. वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा, ही इमारत सोडू नका.

कारण गावाचं खरं काय झालं, याचा धागा तिथे लागतो. रखरखीत गाव, प्यायचं पाणी 1881पासून वाचुका डोंगरांतून मैलोन्मैल नळाने आणलेलं. आणि त्याच वर्षी खाणीत 500 फुटांखाली पाणी लागलं! मोठे पंप बसवून उपसा सुरू झाला, पण 1886च्या आगीत ग्रँड सेंट्रल खाणीचे पंप जळाले आणि चांदी पाण्याखाली गेली. 1929मध्ये जिल्ह्याचं मुख्यालयही बिस्बीला हललं. दुष्काळात विहिरीचा तळ बघितलेल्या माझ्यासारखीला हे पचवायला वेळ लागला.

शेवटी गुलाब. फोर्थ स्ट्रीटजवळच्या एका जुन्या वाड्याच्या अंगणात 1885 साली लावलेला पांढरा लेडी बँक्स गुलाब आहे. कलम स्कॉटलंडहून आलं होतं, खाणीतल्या एका अभियंत्याच्या बायकोच्या माहेरून. आज त्याचा मांडव 8,000 चौरस फुटांवर पसरलाय आणि जगातलं सर्वांत मोठं गुलाबाचं झाड म्हणून त्याची नोंद आहे. बुंधा एखाद्या जुनाट झाडासारखा. बाजूच्या जिन्याने वर गेलं की मांडव वरून दिसतो. फुलतो मार्चअखेर ते एप्रिलमध्ये, सहलीची तारीख त्यावरूनच ठरवा. बूटहिल सकाळी उरका, तिथे सावली नाही. आणि दुसरा दिवस हाताशी असेल तर अर्ध्या तासावर बिस्बी आहे, तिथे तांब्याच्या क्वीन खाणीत छोट्या गाडीने आत नेतात. आत थंडी असते, स्वेटर लागेल.